आप्पांची बारा बोअर आणि 'गन क्युरिअस'

डेव्हिड यमाने यांचं 'गन क्युरिअस' वाचून दोन दिवस झाले, डोक्यातनं जात नाहीये म्हणून लिहितेय. 2024 चं पुस्तक आहे. लेखक अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात समाजशास्त्र शिकवतात, चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा बंदूक हातात घेतली आणि मग त्याच जगाचा अभ्यास करायला लागले. त्यांचं म्हणणं सरळ आहे की बंदूक बाळगणारी बहुतेक माणसं तुमच्याआमच्यासारखीच असतात. मला ते लगेच पटलं, कारण आमच्या वागळे इस्टेटच्या दीड खोलीत बंदूक होती.

आप्पा, म्हणजे माझे वडील, फौजेतनं रिटायर होऊन बँकेत गार्ड लागले, स्वतःच्या लायसनवरची बारा बोअरची लांब नळीची बंदूक होती. घरी आले की बूट काढायच्या आधी बंदूक मधून उघडून नळीत बघायचे, रिकामी आहे हे माहीत असून रोज बघायचे. मग ती कपाटात, काडतुसं वेगळ्या डब्यात कुलपात आणि चावी आईच्या कमरेला. बँकेतली नोकरी सुटल्यावर तर इलेक्शन लागलं की बंदूक चादरीत गुंडाळून रिक्षानं पोलीस स्टेशनला जमा करायची, पावती रेशनकार्डाच्या पिशवीत. लायसन रिन्यूच्या खेपा वेगळ्याच. कधी कुरकुरले नाहीत, म्हणायचे सरकारनं विश्वासानं दिलीय, विचारणारच.

यमाने सांगतात की तिकडे आधी शिकार आणि नेमबाजी होती, आता सगळा भर स्वसंरक्षणावर आलाय. मला इथे थांबावंसं वाटलं. शिकारीची बंदूक हंगाम संपला की कपाटात जाते, स्वसंरक्षणाची कमरेलाच राहते, म्हणजे मनात कोणीतरी दरोडेखोर चोवीस तास पाहिजेच ना? तिकडे 1791 च्या घटनादुरुस्तीनं दिलेला बंदूक बाळगायचा हक्क आहे, 2008 ला सुप्रीम कोर्टानं तो प्रत्येक माणसाचा म्हणून मान्य केला आणि 2017 च्या अंदाजानुसार शंभर माणसांमागे 120 बंदुका होत्या. आपल्याकडे 1959 च्या कायद्यानं लायसन लागतं, 2019 ला तर तीनाऐवजी दोनच शस्त्रं ठेवायची परवानगी राहिली. हो, 1878 ला इंग्रजांनी असा कायदा आणला तो आपल्याला निःशस्त्र ठेवायलाच, ते मान्य. पण तरी मी लायसनच्या बाजूनं आहे, मनापासून. दर वेळी कुणाला तरी विचारावं लागतं यातच माणूस जागेवर राहतो असं मी घरात बघितलंय.

पुस्तकात बंदुकीच्या धोक्यांबद्दलही लिहिलंय, लेखक ते टाळत नाहीत, त्याबद्दल मला आदर वाटला. अमेरिकेत बंदुकीनं जे जीव जातात त्यात निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. हे वाचलं आणि दादाचा बारावीचा निकाल आठवला. नापास झाला होता, जेवला नाही, भिंतीकडे तोंड करून पडला. त्या रात्री आईनं काडतुसांचा डबा काढला, पदरात गुंडाळला आणि उशाशी घेऊन झोपली. मी विचारलं तर म्हणाली, "झोप गं, उंदीर फार झालेत."