चौरस आयत का ठरतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचे आक्षेप दोन आहेत. ‘ज्या चौकोनाचे कर्ण समान तो आयत’ हे माझ्या लेखातलं विधान चूक आहे, हा पहिला. चौरसाला आयत म्हणणं हा निव्वळ शब्दच्छल असून त्यानं मुलं गोंधळतात, आणि खुद्द प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडनं हे दोन आकार वेगळे ठेवले होते, हा दुसरा.

पहिला पूर्ण मान्य. समांतर बाजू २१ आणि ९ सेंमी, तिरक्या बाजू १०-१० सेंमी असा समलंब चौकोन काढला, तर दोन्ही कर्ण १७ सेंमी भरतात आणि काटकोन एकही नसतो. माझ्या विधानातून ‘समांतरभुज’ हा शब्द गळला होता. समांतरभुज चौकोनाचे कर्ण समान असतील तर तो आयत, असं ते हवं होतं. सुतार चौकट तपासतो तेव्हा हेच करतो. समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत ना हे बघून मग टेप कर्णांवर धरतो. ६० बाय ८० सेंमीची चौकट गुण्यात (म्हणजे कोपरे काटकोनात) असेल तर दोन्ही कर्ण १००. ती जेमतेम अडीच अंशांनी कलली तरी एक कर्ण १०२ होतो आणि दुसरा ९८च्या जरासा खाली येतो. एक वाढतो तेव्हाच दुसरा घटतो, म्हणून बारीक चूकही टेपवर ठळक दिसते. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. साधा प्रश्न घ्या: ४० सेंमी परिमितीच्या आयतांपैकी सर्वांत जास्त क्षेत्रफळ कोणाचं? १२ बाय ८ चं ९६ चौ. सेंमी, ११ बाय ९ चं ९९, आणि १० बाय १० चं १००. आता चौरस आयतांमधून बाहेर काढा. १०.१ बाय ९.९ चं क्षेत्रफळ ९९.९९ येतं, पण १०.०१ बाय ९.९९ चं त्याहून जास्त, आणि त्याच्याही पुढचा आयत नेहमी सापडतोच. म्हणजे प्रश्नाला उत्तरच उरत नाही. जे उत्तर असायला हवं, तेच आपण व्याख्येनं हद्दपार केलेलं असतं. याला मी शब्दच्छल म्हणणार नाही.

युक्लिडबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्याच्या ‘मूलतत्त्वे’ या भूमितीच्या ग्रंथातल्या पहिल्या पुस्तकातल्या २२व्या व्याख्येत लांबट आयत म्हणजे काटकोनी, पण समभुज नसलेला, असंच आहे. पण त्याच पुस्तकात पुढे पाहा. ३४व्या प्रमेयात समांतरभुज चौकोनाच्या संमुख बाजू आणि संमुख कोन समान असल्याचं तो सिद्ध करतो. मग ४६व्यात चौरस रचताना ती आकृती समांतरभुज आहे असं सांगून हाच निष्कर्ष वापरतो. नावं वेगळी ठेवली तरी सिद्धतेच्या वेळी चौरसाला समांतरभुज चौकोनांच्या कुटुंबात घ्यावंच लागलं.

मुलांच्या गोंधळाचं म्हणाल, तर मला तो उलट बाजूनं दिसतो. चौरसाचे गुणधर्म वेगळे पाठ करायला लावले की यादी लांबते. चौरस हा आयतही आहे आणि समभुज चौकोनही, एवढं कळलं की कर्ण समान का (आयत आहे म्हणून) आणि ते काटकोनात का छेदतात (समभुज आहे म्हणून) हे मूल स्वतः सांगतं. ‘आयत काढ’ म्हटल्यावर ते लांबट आकृती काढेल, आणि त्यात काहीच गैर नाही. फक्त शेजारचा चौरस दाखवून ‘हा आयत नाही’ असं आपण त्याला सांगू नये.

समलंब चौकोनाबाबत मात्र संकेत खरोखरच दोन आहेत. अनेक पाठ्यपुस्तकांत ‘समांतर बाजूंची एकच जोडी’ अशी अट असते, काही ठिकाणी ‘किमान एक’. मी ‘किमान एक’ पसंत करतो, कारण समलंब चौकोनाचं क्षेत्रफळाचं सूत्र समांतरभुज चौकोनालाही जसंच्या तसं लागू पडतं. पण परीक्षेत विद्यार्थ्यानं आपल्या पुस्तकातली व्याख्याच लिहावी.