महिन्यांची नावं बाबिलोनची, मग अर्थ कुणाचा?

शालोम दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली, उत्तर लांबणार हे कळलं म्हणून ते वेगळं लिहितेय. ज्यांनी ती कमेंट पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमधे मी ज्यू कॅलेंडरच्या महिन्यांचे आध्यात्मिक अर्थ लिहिले होते, त्यावर दादांचं म्हणणं असं की ही नावंच मुळात बाबिलोनची, तम्मूझ तर तिथल्या देवाचं नाव, बाकी सगळं निव्वळ गणित, अर्थ लोकांनी मागाहून चिकटवलेत आणि मी ते "देवानं दिलेलं" म्हणून सांगतेय.

आधी माझी चूक मान्य करते. प्रत्येक महिन्याला एक हिब्रू अक्षर, एक रास, एक अवयव असं जे मी दिलं होतं ते सेफेर येत्झिरा या गूढविद्येच्या जुन्या ग्रंथातलं आहे, तोरामधलं, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांमधलं, नाही, आणि त्याच्या वेगवेगळ्या प्रतींमधे या जोड्या सारख्या नाहीत. मी ते एका दमात तोराच्या शेजारी ठेवलं, तसं ठेवायला नको होतं. पोस्टमधे दुरुस्ती केलीय.

आता नावांचं. तोरामधे महिन्यांना बहुतेक आकडेच आहेत, पहिला महिना, सातवा महिना, आणि मोजणी कुठून तर मिसरच्या गुलामीतून सुटका झाली त्या महिन्यापासून. निसान, तम्मूझ, एलुल, तिश्री ही नावं बाबिलोनहून आली हे तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर, आणि यात लपवाछपवी काहीच नाही, यरुशलेमच्या तालमूदमधे, म्हणजे रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) चर्चांच्या जुन्या ग्रंथात, सरळ लिहिलंय की महिन्यांची नावं बाबिलोनच्या बंदिवासातून परतणाऱ्यांबरोबर आली. तम्मूझसाठी यरुशलेमच्या मंदिराच्या दारात बायका रडत बसायच्या आणि यहेज्केल संदेष्टा त्याला अमंगळ म्हणतो, तरीही ते नाव राहिलं. का राहिलं? तेराव्या शतकात स्पेनमधल्या रामबान या तोराच्या भाष्यकारानं याचं जे उत्तर दिलंय ते वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. तो म्हणतो, आकडे मोजले की मिसरमधून सुटलो ते आठवतं, आणि बाबिलोनची नावं घेतली की बाबिलोनमधून देवानं परत आणलं ते आठवतं. म्हणजे परकं नाव ठेवलं तेच मुळी आठवणीसाठी, आपण तिथे होतो आणि तिथून आलो. मला यात उसनवारी दिसत नाही, मला यात जखमेची खूण जपणं दिसतं.

पण तुमचा खरा मुद्दा "अर्थ लोकांनी दिला" हा आहे, आणि तिथेच मला सगळ्यात जास्त बोलायचंय. शब्बाथ, आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, दर सातव्या दिवशी येतोच, कुणी पाळो न पाळो. महिन्याचं तसं नाही. जुन्या काळी दोन साक्षीदारांनी नवी चंद्रकोर पाहून न्यायसभेपुढे यायचं, त्यांची उलटतपासणी व्हायची, मग सभेचा प्रमुख म्हणायचा "मेकुदाश", पवित्र झाला, आणि सगळे लोक परत म्हणायचे मेकुदाश मेकुदाश, तेव्हा कुठे महिना लागायचा. माणसांनी म्हटल्याशिवाय महिना पवित्र होत नव्हता!

मिश्नामधे, म्हणजे तालमूदचा पाया असलेल्या नियमसंग्रहात, याचीच एक गोष्ट आहे. दुसरं मंदिर पडल्यानंतरचा, म्हणजे इ.स. 70 नंतरचा काळ. सभेचा प्रमुख रब्बान गमलियेल यानं तिश्रीच्या चंद्राची साक्ष स्वीकारली, पण पुढच्या रात्री चंद्र काही दिसला नाही. रब्बी दोसा म्हणाले हे साक्षीदार खोटे, बाई बाळंत झाली म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पोट तसंच पुढे, हे कसं? रब्बी यहोशुआला ते पटलं. आता तिश्री म्हणजे योम किप्पूरचा महिना, एका दिवसाचा फरक म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा उपास चुकीच्या दिवशी. गमलियेलनं यहोशुआला निरोप धाडला, तुझ्या हिशोबानं ज्या दिवशी योम किप्पूर येतो त्या दिवशी काठी आणि पैसे घेऊन माझ्याकडे ये. पवित्र दिवशी ना पैशाला हात लावता येतो ना प्रवास करता येतो, म्हणजे बघा काय मागितलं. यहोशुआ फार दुःखी झाला, मग रब्बी अकिवानं त्याला समजावलं की तोरामधे "तुम्ही जाहीर कराल ते सण" असं लिहिलंय, वेळेवर असोत की नसोत, सण तेच. आणि तो गेला, हातात काठी आणि पैसे घेऊन. गमलियेल उठून उभा राहिला, त्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि म्हणाला ये माझ्या गुरू आणि माझ्या शिष्या, ज्ञानानं गुरू आणि माझं ऐकलंस म्हणून शिष्य.

तेव्हा दादा, महिन्याचा अर्थ माणसं ठरवतात यावर तुमचं आणि तालमूदचं एकमत आहे. फक्त तुम्ही म्हणता म्हणून तो खोटा, आणि आमची परंपरा म्हणते ते काम माणसाच्या हातात दिलंय म्हणूनच तो पवित्र.

गणिताबद्दल थोडंच. 19 वर्षांत 7 अधिक महिने, आपल्या धोंड्याच्या महिन्यासारखेच, फक्त यांचा जादा महिना नेहमी अदारच. हे सगळं कशासाठी तर सुटकेचा सण वसंतातच यावा, जव पिकण्याच्या वेळी. गणित त्या आठवणीची चाकरी करतं.

आणि "मराठी माणसाला याचं काय" असं जे शेवटी विचारलंत त्याचं उत्तर आमच्या घरात आहे. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले, आमच्या पूर्वजांनी हे महिने शेकडो वर्षं मराठीतच पाळले. पुरीम आमचा "होळीचा सण", कारण अदारची चौदावी आणि फाल्गुनाची पौर्णिमा बहुतेक वेळा गळ्यात गळे घालून येतात, 2025 मधे 13 मार्चला संध्याकाळी पुरीम लागला आणि त्याच रात्री होळ्या पेटल्या. आव महिन्याच्या नवमीचा उपास, मंदिर पडल्याच्या शोकाचा, तो "बिरड्याचा". माझी आजी आदल्या दिवशी दुपारी उंबऱ्याशी बसून मोड आलेले वाल सोलायची, एरवी तिची बडबड थांबायची नाही पण त्या दुपारी नुसती सालं परातीत पडल्याचा आवाज. तिला बाबिलोन कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण आव महिना काय आहे हे तिच्याइतकं कुणाकडून कळलं नाही मला.

सगळ्यात आवडता महिना कोणता हेही तुम्ही विचारलंत. हेश्वान. त्यात मोठा सण एकही नाही, म्हणून लोक मार-हेश्वान म्हणजे कडू हेश्वान असं सांगतात, खरं तर ते बाबिलोनच्या "आठवा महिना" या शब्दाचंच बदललेलं रूप. सुक्कोथ, म्हणजे तिश्रीतला मांडवांचा यात्रेचा सण, संपला की इस्राएलच्या शेतकऱ्याला पाऊस हवाच असतो, पण रब्बान गमलियेलच्या सांगण्यावरून तिथे पावसाची मागणी हेश्वानच्या सातव्या दिवशी सुरू होते, सणानंतर पंधरा दिवस थांबून, कारण यात्रेला आलेला सगळ्यात लांबचा माणूस तोवर फरात नदीपर्यंत पोचलेला असावा, वाटेत भिजू नये.