वादात हरायचे नसेल तर

गेल्या रविवारी आमच्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली आणि तीत इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीच्या तपासणीचा, माझा ठराव 14 विरुद्ध 3 मतांनी पडला. त्या तिनांतले एक मत माझे, दुसरे अनुमोदकाचे आणि तिसरे बहुधा चुकून पडलेले. वाद घालून हरण्याचा ज्यांना कंटाळा आला असेल, त्यांच्यासाठी या अनुभवातून सुचलेल्या काही सूचना देतो.

सभेला कागद घेऊन जाऊ नये. मी नेला होता. इमारत 32 वर्षांची आहे. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमांनुसार, 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर 3 वर्षांनी करून घ्यावे लागते. आमचे आजवर एकदाही झालेले नाही. आणि 24 सदनिकांत मिळून खर्च 60,000 रुपये, म्हणजे घरटी अडीच हजार. एवढे वाचून होईपर्यंत मागच्या दोन रांगा मोबाइलमध्ये शिरल्या होत्या.

ठराव मताला टाकायचा तो खालून बटाटेवड्यांचा वास आल्यावरच.

मुख्य युक्ती अशी, की प्रतिपक्षाच्या बोलण्यातला एखादा शब्द उचलावा, त्याचा भलताच अर्थ लावावा आणि त्या अर्थावर गहिवरून यावे. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, याला वाक्छल म्हणतात. 'हा मुलगा नवकंबल आहे', म्हणजे याची घोंगडी नवी आहे, असे कोणी म्हटले, की 'याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत?' असे विचारायचे. आमच्या माजी खजिनदारांनी न्यायसूत्रे वाचली नसावीत, पण प्रतिभेला पोथी लागत नाही. मी 'स्ट्रक्चरल ऑडिट' म्हणालो, त्यांनी त्यातले 'ऑडिट' तेवढे घेतले. "अकरा वर्षं या सोसायटीचा पै न् पै सांभाळला, आणि आज माझं ऑडिट?" एवढे बोलून त्यांनी चष्मा काढला, रुमाल चाचपला, तो सापडेना, तेव्हा पहिल्या रांगेतल्या काकूंनी आपला पुढे केला, आणि ठराव तिथेच आटोपला. तपासायचे आहेत ते खांब, तुमचा हिशेब नव्हे, असे मी तीनदा सांगितले. "राहू द्या हो, वयाचा तरी मान ठेवा," असे उत्तर आले. मी तरी दुसरे काय सांगत होतो? फक्त वय इमारतीचे होते!

आपली बाजू मात्र कधीही मांडू नये. तपासणी का नको, याचे एकही कारण सभा संपेपर्यंत कोणी दिले नाही. यालाही शास्त्रात नाव आहे, वितंडा.

आता कोणी म्हणेल, की तुम्हीही आकड्यांच्या जोडीला थोडे रंगवून बोलायचे होते. बोलायलाच हवे होते. माझे वाचन कोरडे होते, हे मला मान्य आहे. खालच्या पोपडा निघालेल्या खांबाखाली दुसऱ्या मजल्यावरची मुलगी रोज सायकल लावते, एवढे जरी मी म्हटले असते तरी माना वर झाल्या असत्या, आणि त्यात खोटे काहीच नव्हते, कारण खांबही तिथे आहे आणि सायकलही. खजिनदारांच्या हुंदक्याखाली काय होते? त्यांच्यावर आरोपच कोणी केला नव्हता!

आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुम्हाला काय झाले होते? जूनमध्ये त्या खांबाचा पोपडा माझ्या स्कूटरच्या सीटवर पडला. आतली सळई उघडी पडली आहे, तिला बोट लावले तर गंज हाताला येतो. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते; कोणी किती वर्षे सेवा केली, हे ती विचारत नाही. रोज त्याच खांबाला वळसा घालून तुम्ही गाड्या काढता. हात वर करण्याआधी एकदा खाली उतरून पाहायला काय झाले होते? चौदा पायऱ्या आहेत. सभा संपल्यावर वड्यांसाठी त्याच पायऱ्या तुम्ही धावत उतरलात, आणि निम्म्या लोकांनी त्याच खांबाला पाठ टेकून प्लेटा संपवल्या.