तांबे हवे, पण दगड टाकायचा कोणाच्या जमिनीवर?

"तांबे सगळ्यांना हवे आणि खाण कोणालाच नको, हा कुठला न्याय?" असे विचारून भाऊंनी रविवारच्या चर्चेला तोंड फोडले. भाऊंचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. जळालेल्या शेतपंपांच्या मोटरींतून ओढून काढलेल्या, काळ्या पडलेल्या तारांची भेंडोळी तिथे कायम पडलेली असतात, आणि नव्या तारेचा भाव किलोमागे वाढला की शेतकऱ्याचे दुरुस्तीचे बिल कसे फुगते हे आम्हा गोंदियाकरांच्या कट्ट्यावर त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. निमित्त झाले होते नानांचे. नाना मुलीकडे अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरी हिवाळाभर राहून आले होते आणि तिथल्या सांता रिता डोंगरात होऊ घातलेल्या रोझमाँट नावाच्या उघड्या तांबेखाणीला लोकांनी केलेल्या दीर्घ विरोधाची हकीकत सांगत होते.

हा डोंगर टूसॉनच्या आग्नेयेला, साधारण पन्नास किलोमीटरवर आहे आणि त्याचा बराचसा भाग कोरोनाडो राष्ट्रीय वनात, म्हणजे सार्वजनिक मालकीच्या जमिनीत मोडतो. तिथे मैलाहून अधिक रुंद आणि पाऊण किलोमीटरहून अधिक खोल खड्डा खणण्याची योजना होती. खनिजात तांबे टनामागे जेमतेम चार-पाच किलो, त्यामुळे उरलेले सगळे, त्यात खनिजाच्या वरचा आणि भोवतालचा खडक धरून सुमारे १९० कोटी टन टाकाऊ माल, कुठेतरी टाकावाच लागणार होता. त्यासाठी कंपनीला वनातलीच २,४४७ एकर जमीन हवी होती.

भाऊंचे म्हणणे होते की हा आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही, कारण खाण म्हटली की ढिगारा आलाच. बालाघाटपलीकडे आपल्या मलाजखंडलाही १९८२ पासून तांब्याची उघडी खाण चालली आणि तिथेही दगड कोणी खिशात घालून नेला नाही. आमच्यातला सर्वांत धाकटा इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूममध्ये नोकरीला आहे. त्याने भाऊंची बाजू आणखी पुढे नेली. बॅटरीवरच्या मोटारगाडीला पेट्रोलच्या गाडीपेक्षा तिपटी-चौपटीने अधिक तांबे लागते. टूसॉनकरांनी नको म्हटले की ते तांबे चिलीतून आणि पेरूतून येणार. "मग तिथल्या डोंगरांना जीव नाही का?" असे त्याने विचारले.

मला हा प्रश्न आजही खरा वाटतो आणि विरोध करणाऱ्याने तो टाळू नये. पण तो टूसॉनच्या लोकांना लागू पडत नाही, हे नानांनी दाखवून दिले. अमेरिकेतल्या तांब्यापैकी निम्म्याहून बरेच अधिक तांबे एकट्या ॲरिझोनातून निघते. सांता रिताच्या समोर, खोऱ्याच्या पश्चिमेला मिशन आणि सिएरिटा या दोन प्रचंड उघड्या खाणी अनेक दशके चालू आहेत, आणि ग्रीन व्हॅली या निवृत्तांच्या वस्तीतून पश्चिमेकडे पाहिले की क्षितिजावर आधी त्यांच्या, म्हणजे खनिज दळून तांबे काढल्यावर उरणाऱ्या गाळाचे सपाट माथ्याचे बांधच दिसतात. त्यातल्या सिएरिटाच्या गाळातून झिरपलेले सल्फेट ग्रीन व्हॅलीच्या भूजलात उतरले आणि ते आवरण्यासाठी राज्याच्या पर्यावरण खात्याला कंपनीशी करार करावा लागला. तेव्हा खाण म्हणजे काय हे त्या लोकांनी विहिरीच्या पाण्यात अनुभवलेले आहे. आपला वाटा त्यांनी उचललेला आहे आणि आता समोरचा दुसरा डोंगरही द्या असे त्यांना सांगितले जात होते.

मास्तरांनी भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवले आहे, त्यामुळे त्यांचा सगळा भर पाण्यावर होता. सांता रिताच्या पूर्व उतारावरचे पाणी डेव्हिडसन कॅनियन आणि सिएनेगा ओढ्यातून टूसॉनच्या भूजलाला जाऊन मिळते. इतका खोल खड्डा भूजलपातळीच्या खाली जातो. खाण बंद पडल्यावर आजूबाजूचे पाणी त्याच्याकडेच ओढले जाते, तिथे तळे साचते आणि वाळवंटाच्या उन्हात ते वर्षानुवर्षे वाफ होऊन उडत राहते. खाणीचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे आणि पाण्याची ही ओढ मात्र कायमची, असा हिशेब त्यांनी मांडला. त्याच डोंगरात २०१२ ते २०१५ या काळात कॅमेरा-सापळ्यांनी बिबट्यासारख्या दिसणाऱ्या एका नर जॅग्वारची छायाचित्रे टिपली होती आणि टूसॉनच्या शाळकरी मुलांनी त्याचे 'एल हेफे' असे नाव ठेवले होते. तोहोनो ओओधाम, पास्कुआ याकी आणि होपी या आदिवासी राष्ट्रांच्या पूर्वजांची गावे आणि दफनस्थळे त्याच जमिनीत आहेत, आणि त्या तिघांनीही न्यायालयात धाव घेतली.

"पण खटला जिंकला तो ना जॅग्वारने ना पाण्याने," वकीलसाहेब मध्येच म्हणाले, आणि मला वाटते चर्चेचा गाभा तिथे हाती लागला. अमेरिकेत अजूनही १८७२ चा खाण कायदा चालतो. सार्वजनिक जमिनीवर मौल्यवान खनिज सापडले तर सापडवणाऱ्याला ते काढण्याचा हक्क मिळतो, आणि तांब्या-सोन्यासारख्या धातूंवर संघीय सरकारला एक छदामही रॉयल्टी द्यावी लागत नाही. रोझमाँटच्या कंपनीने खड्ड्याच्या जागेबरोबरच दगड टाकायच्या जमिनीवरही असेच दावे ठोकले होते. ते दावे खरे आहेत असे वनखात्याने न तपासताच गृहीत धरले, हक्कच आहे म्हटल्यावर आपल्याला नकार देता येणार नाही अशी भूमिका घेतली आणि २०१७ मध्ये मंजुरी दिली. विरोधकांच्या वकिलांनी विचारले ते एवढेच, की ज्या जमिनीवर तुम्ही दगड टाकणार तिच्याखाली खनिज आहे का. नव्हते. आणि असते, तर त्याच्यावर १९० कोटी टनांचा ढिगारा रचायला कोण तयार झाले असते? काम सुरू होण्याच्या तोंडावर, ३१ जुलै २०१९ रोजी न्यायाधीश जेम्स सोटो यांनी ती मंजुरी रद्द केली, आणि मे २०२२ मध्ये नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल कायम ठेवला.

भाऊ गप्प बसणारे नव्हते. खड्डा खणायला परवानगी आणि दगड ठेवायला मनाई, म्हणजे स्वयंपाकाला हो म्हणून चुलीला नाही म्हणण्यासारखे आहे, असे ते म्हणाले. त्यावर वकीलसाहेबांनी दिलेले उत्तर मला पूर्ण पटते. न्यायालयाने दगड ठेवायला मनाई केली नव्हती. ही जमीन मागायची असेल तर मागा, पण ती जनतेची आहे, तेव्हा तिच्या रखवालदाराला 'नाही' म्हणण्याची मुभा असलीच पाहिजे, एवढेच सांगितले होते. आपल्याकडे गायरानावर अतिक्रमण करणारा जे गृहीत धरतो, की सगळ्यांचे म्हणजे विचारायला कोणी नाही, तेच तिथे सरकारी खात्याने एका कंपनीच्या वतीने गृहीत धरले होते.

मग विरोधकांच्या पदरात नेमके काय पडले, हा धाकट्याचा प्रश्न रास्त होता. रोझमाँटची मालक असलेल्या कॅनडाच्या हडबे या कंपनीने आपला मोर्चा डोंगराच्या पश्चिम उताराकडे, स्वतःच्या खासगी जमिनीकडे वळवला, 'कॉपर वर्ल्ड' या नावाने २०२२ मध्ये तिथे जमीन साफ करायला सुरुवात केली, आणि पुढे राज्याकडून भूजल व हवा या दोन्हींचे परवाने मिळवले. आता ढिगारे ग्रीन व्हॅलीच्या बाजूला येणार. नानांना हे सांगताना खरोखरच वाईट वाटत होते. मला मात्र हा विजय छोटा वाटत नाही, कारण त्या निकालाची धास्ती खाण उद्योगाने इतकी घेतली की तो फिरवण्यासाठी थेट कायदाच बदलण्याचा घाट घातला गेला; खनिज नसलेल्या सार्वजनिक जमिनीवरही खाणीच्या अनुषंगिक कामांसाठी हक्क देणारे विधेयक मे २०२४ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूरही झाले.

"लोकप्रतिनिधींनीच ठरवले तर तुमची तक्रार काय?" भाऊंनी विचारले. मी म्हटले, तक्रार दामाची आणि नकाराची. फुकट खनिज, त्यावर दगड टाकायला फुकट जागा, आणि वर रखवालदाराचे तोंड बंद, असा सौदा भाऊ तरी आपल्या दुकानात करतील का? भाऊंनी थोडा विचार करून तेलावर तिथे किती घेतात असे विचारले. संघीय जमिनीवरच्या तेलावर साडेबारा टक्के रॉयल्टी कित्येक दशके घेतली गेली आहे, असे वकीलसाहेबांनी सांगितले. तेव्हा तांब्यावरही काहीतरी घेतले पाहिजे, हे भाऊंनी मान्य केले. फक्त ते चार टक्क्यांच्या वर जायला तयार नव्हते, कारण शेवटी तो भार तारेच्या भावात येणार. आणि वकीलसाहेब आठाच्या खाली उतरायला तयार नव्हते.