नेमकं तिथेच का पळवता?

उकडीच्या मोदकाचा कुठलाही व्हिडिओ लावा. नारळ खवण्यापासून गूळ चिरण्यापर्यंत सगळं सावकाश. आणि उकडीची पारी म्हणजे वाटी करून तिला कळ्या, म्हणजे चुण्या, पाडायची वेळ आली की संगीत वाढतं, हात भरभर फिरतात, मोदक तयार! अहो, शिकायचं तर तेच होतं ना! उकड गरम असतानाच मळायची, पारी कडेला पातळ ठेवायची, हे कोण सांगणार? नव्या तांदळाच्या पिठीला पाणी कमी लागतं, जुन्याच्या पिठीला जास्त. तेही गाळतात, सगळ्यांना सरसकट 'वाटीला वाटी'. मग नवशिक्याची उकड चिकट होते, मोदक वाफेवर फुटतात आणि ती बिचारी पोर स्वतःलाच दोष देत बसते. चीड येते मला. एका मोदकाच्या तरी सगळ्या कळ्या हळू दाखवा!