८० टक्के अनुदान म्हणे! आधी व्याज कोण भरतंय ते विचारा

ठिबकच्या अनुदानावर आता गप्प बसवत नाही. संच रानात बसून दुसरा हंगाम आला. रानात येऊन मोका तपासणी झाली, जिओ टॅगिंगचे फोटो काढून नेले, बिल अपलोड झालं. अनुदानाचा एक रुपया खात्यावर नाही. सरकारचं महाडीबीटी पोर्टल उघडलं की अर्ज होता तिथंच!

जाहिरातीत काय लिहितात? अल्पभूधारकाला ८० टक्के, बाकीच्यांना ७५ टक्के. शहरातल्या माणसाला वाटतं, शेतकऱ्याला सगळं फुकटच मिळतं. अहो, पण ते ८० टक्के आधी घालतो कोण? शेतकरीच. अर्जाला सरकारची पूर्वसंमती आली की पूर्ण रक्कम मोजून संच घ्यायचा आणि मुदतीत बसवायचा, नाहीतर पूर्वसंमती रद्द. आमच्यासाठी मुदत आहे, सरकारनं पैसे कधी द्यायचे त्याला काही धरबंध नाही. शिवाय ८० टक्के मोजतात ते सरकारनं ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर. दुकानातलं बिल त्याहून जास्त झालं तर वरचा फरक आपल्याच बोकांडी.

आता हिशोब करा. एक लाखाचा संच धरा. अनुदानाचे ८० हजार सावकाराकडून शेकडा दोननं उचलले, तर महिन्याला १,६०० रुपये व्याज. वर्षाला १९,२०० रुपये. दोन वर्षं अनुदान लटकलं की ८० हजारांतले ३८,४०० व्याजातच गेले. मग ८० टक्के कुठं राहिले? आणि ज्याला सावकारही उभा करत नाही, त्या दोन एकरवाल्यानं अर्जच कशाला करायचा? योजना त्याच्या नावानं आणि फायदा ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याचा, हे उघड दिसत असताना कुणालाच काही वाटत नाही याचा संताप येतो.

त्यात पैसा एका ठिकाणाहून येत नाही. ८० टक्क्यांतले ५५ टक्के केंद्राच्या योजनेतून, त्यातही ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. वरचे २५ टक्के मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून. एक वाटा आला तरी दुसरा अडकून राहू शकतो. सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचा कृषी सहायक) विचारलं की तो म्हणतो, "भाऊ, वरून निधीच नाही." त्या पोराच्या हातात खरंच काही नाही, त्याच्यावर ओरडून काय करणार? पण वर बसलेल्यांना निधीची तरतूद नव्हती तर पूर्वसंमत्या वाटल्या कशाला? तुमच्या कागदावर विसंबूनच आम्ही कर्ज काढलं ना!

कागदं मागताना मात्र कसूर नाही. सातबारा, आठ अ, आधार, बँक खात्याला आधार जोडलेलं पाहिजे, १५ एप्रिल २०२५ पासून वर फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक. सगळं दिलं. आमची जमीन, आमचं खातं, आमचं पीक सगळं सरकारला एका बटणावर दिसतं, मग पैसे सोडायलाच का हात आखडतो?

उसाचं बिल कारखान्यानं १४ दिवसांत दिलं नाही तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज द्यायचं, हा ऊस नियंत्रण आदेश सरकारनंच १९६६ मध्ये काढलेला आहे. तोच नियम ठिबकच्या अनुदानाला लावा. तपासणी झाल्या दिवसापासून मुदत मोजा आणि ती उलटली की आमच्या खात्यावर व्याजासकट पैसे टाका.