कोणाचे हाल जास्त, ही स्पर्धा बंद करा आता

दर लग्नकार्यात तेच. काका म्हणणार आम्ही किती सोसलं, तुम्हाला सगळं आयतं, की लगेच दादा उसळणार, तुम्हाला घरं स्वस्तात मिळाली. अहो, मुंबईतल्या 1982 च्या संपानंतर गिरणी कामगार देशोधडीला लागले, पुढे ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले कारखानेही बंद पडत गेले, आणि पेन्शन काय तर ईपीएसची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या पेन्शन योजनेची, 2014 ला किमान 1000 रुपये केली म्हणे, त्यात महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या तरी येतात का? आणि दादा घोडबंदरच्या वन बीएचकेचे हप्ते 20 वर्षं भरणार, नोकरी मात्र 11 महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर, वर सोसायटीत टँकरचे पैसे वेगळे. दोघंही पिचलेत हो! मग एकमेकांवर कसले खेकसता, पेन्शन वाढवा आणि पोरांना कायम करा हे दोघं मिळून का नाही बोलत कधी?